झटके देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ऑइल, सील, ओव्हरहॉल की दुसराच बसवायचा?

जुन्या लक्झरी एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके द्यायला लागला की मालकापुढे चार वाटा असतात. ऑइल बदलून बघायचं, मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सचा आतला संच) उतरवून सील आणि सोलेनॉइड (ऑइलचा दाब सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) बदलायचे, पूर्ण ओव्हरहॉल करायचा, नाहीतर भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवायचा. पाचवी वाट गाडी काढून टाकण्याची. ऑइल आणि सीलचं काम हजारांत होतं, ओव्हरहॉल लाखांत जातो. इतका फरक असूनही बहुतेक ठिकाणी पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हनंतर थेट चौथी वाट दाखवली जाते. आधी निदानाला पैसे द्या, दुरुस्तीचं नंतर ठरवा, असं माझं ठाम मत आहे. बिघाड कोणत्या थरात आहे हे कळलं की चारपैकी दोन-तीन वाटा आपोआप बंद होतात.

उदाहरणाला घेतो बीएमडब्ल्यू एक्स५, ई७० पिढीची. २००६ ते २०१० या काळात बनलेल्या या गाडीत झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा ६एचपी मालिकेतला गिअरबॉक्स आहे, २०१० च्या फेसलिफ्टपासून आठ गिअरचा ८एचपी आला. हीच ६एचपी मालिका रेंज रोव्हर, डिस्कव्हरी ३ आणि जॅग्वारमध्येही आहे. महाराष्ट्रात अशा गाड्या स्वस्तात दिसण्याचं एक कारण दिल्लीत आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तिकडच्या अनेक गाड्या एनओसी घेऊन इकडे आल्या. किंमत मोह पाडणारी असते, गिअरबॉक्सच्या ऑइलचा इतिहास मात्र क्वचितच सोबत येतो.

गिअरबॉक्स की त्याचे शेजारी?

पहिली तुलना दुरुस्त्यांची नाही, संशयितांची करायची. बॅटरीपासून सुरुवात करा. कमकुवत बॅटरीवर स्टार्ट करताना व्होल्टेज खाली गेलं की गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट गोंधळतो, स्क्रीनवर संदेश येतो आणि गाडी इमर्जन्सी मोडमध्ये जाते. बॅटरी पूर्ण चार्ज करून, साठलेले बिघाडाचे कोड पुसून, चालवून पुन्हा स्कॅन करा. जे कोड परत येतात तेच खरे.

दुसरा संशयित ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरताना गाडी अडखळत असेल, तर आधी चारही टायरचं ब्रँड आणि झीज बघा. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असला की एक्सड्राइव्हचा (बीएमडब्ल्यूच्या फोर-व्हील ड्राइव्हचा) ट्रान्सफर केस सतत ओढाताण करत राहतो. त्याच्या सर्व्हो मोटारीतला प्लॅस्टिकचा गिअर झिजणं हाही ओळखीचा आजार आहे. फोक्सवॅगन टुआरेग आणि पोर्शे कायेनच्या पहिल्या पिढीत प्रोपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं आणि वेग घेताना खालून धडधड येते. दोन्ही ठिकाणी बिघाड गिअरबॉक्सबाहेरचा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बसले असतील तरी डी मधून आर मध्ये टाकताना ठक्क आवाज येतो.

तिसरा संशयित इंजिन. साठ ते ऐंशीच्या वेगात हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रंबल स्ट्रिपवरून जात असल्यासारखी थरथरते, तेव्हा दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागाच्या) लॉक-अप क्लचचा, म्हणजे दोघांना थेट जखडणाऱ्या क्लचचा, असू शकतो, तसाच एखाद्या इंजेक्टरचाही. मोकळ्या रस्त्यावर थरथर चालू असताना ब्रेक पेडलला डाव्या पायाने जेमतेम स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत तेवढ्यावर लॉक-अप सुटतो. थरथर लगेच थांबली तर बोट कन्व्हर्टरकडे जातं. तशीच चालू राहिली तर इंजिन बघा.

सगळेच गिअर वाईट आहेत की ठरावीक?

हा प्रश्न मला सर्वात मोलाचा वाटतो, आणि तो गॅरेजमध्ये क्वचितच विचारला जातो. ६एचपी मालिका फ्रेंच अभियंते लेपेलेटिए यांच्या रचनेवर उभी आहे. तीन क्लच आणि दोन ब्रेक मिळून पाच पकडी, आणि प्रत्येक गिअरला त्यातल्या फक्त दोन लागतात. ए पकड पहिल्या ते चौथ्या गिअरमध्ये काम करते. ई चौथ्या ते सहाव्यात. बी तिसऱ्या, पाचव्या आणि रिव्हर्समध्ये. सी दुसऱ्या आणि सहाव्यात. डी पहिल्या आणि रिव्हर्समध्ये.

म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा. एकाने चालवायचं, दुसऱ्याने कुठे आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही, कुठे झटका बसतो, गाडी थंड होती की गरम, हे लिहायचं. तिसऱ्यात आणि पाचव्यात घसरतोय, रिव्हर्सही उशिरा लागतोय, तर तिन्हींत सामाईक आहे ती बी. चौथा, पाचवा, सहावा वाईट आणि खालचे तीन चांगले, तर ई. रिव्हर्स आणि पहिला दोन्ही उशिरा लागत असतील तर डी. सगळेच गिअर सारखे बिघडले असतील, तर एका क्लचवर आळ घेण्यात अर्थ नाही. तिथे ऑइलची पातळी, पंप, मुख्य दाब किंवा वायरिंग बघायचं.

इथेच एक मोठी फसगत होते. बी घसरतोय याचा अर्थ बीच्या चकत्या (एकमेकींना घासून पकडणाऱ्या प्लेट्स) जळल्या असा नाही. बीपर्यंत दाब पोचत नसेल, सोलेनॉइड आळसावला असेल, मधलं रबरी सील कडक होऊन आतल्या आत गळत असेल, तरीही लक्षण हेच दिसतं. ओव्हरहॉल आणि सील-दुरुस्ती यांतली सीमारेषा इथे आहे. ती ओळखायला दोन पुरावे लागतात. एक म्हणजे अ‍ॅडाप्टेशनचे आकडे: गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट प्रत्येक पकडीची झीज भरून काढण्यासाठी भरण-दाब आणि वेळ सतत सुधारत असतो, आणि बीएमडब्ल्यूचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर ते वाचू शकतो. चार पकडी शांत आणि एकच मर्यादेला टेकलेली असेल तर गुन्हेगार सापडला. दुसरा पुरावा ऑइल पॅनमध्ये असतो.

स्वस्त ओबीडी स्कॅनरचे कोडही उपयोगी आहेत, पण त्यांना निकाल समजू नका. पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या युनिटने फक्त हात वर केला आहे, खरा कोड आत आहे. पी ०७३० म्हणजे अपेक्षित गिअर गुणोत्तर मिळालं नाही, कारण काहीही असू शकतं. पी ०७१५ वेगाच्या सेन्सरकडे नेतो, तर पी ०७४१ कन्व्हर्टरच्या लॉक-अपकडे. ‘पी ०७३० आला, गिअरबॉक्स बदला’ असं कोणी म्हणालं तर तिथून गाडी काढा.

ऑइल की मेकॅट्रॉनिक?

‘लाइफटाइम ऑइल’ या दोन शब्दांनी या गाड्यांचं बरंच नुकसान केलं आहे. गाडी बनवणारे तसं म्हणत राहिले, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि आपल्या उन्हाळ्यात यातला खालचा आकडा धरा.

ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स मरतो ही भीतीही मी पुष्कळदा ऐकतो. चकत्या आधीच संपलेल्या असतात आणि ऑइल बदलल्यावर ते उघडं पडतं, हे तिचं मूळ. ज्या गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललेलं नाही, त्याला मशीनने दाब देऊन फ्लश करू नये. पॅन काढून भरा, काही आठवडे चालवा, पुन्हा एकदा काढून भरा. एका वेळी साधारण निम्मंच ऑइल निघतं, म्हणून दोन फेऱ्या.

६एचपीच्या पॅनमध्ये फिल्टर एकजीव असतो, पॅन प्लॅस्टिकचा, बदलताना सगळाच बदलतो. जुना पॅन गॅरेजवाल्याला फेकू देऊ नका, समोर उघडायला लावा. चुंबकांवर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती वयाची नैसर्गिक झीज आहे. काळे कण, जळका वास आणि धातूचे चमकदार तुकडे असतील तर आत चकत्या किंवा बेअरिंग गेले आहेत आणि ऑइलवर खर्च करण्यात अर्थ नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर कूलरमधून कूलंट मिसळतोय, किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी राहून ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या छिद्रातून) पाणी शिरलं आहे. कूलंट चकत्यांचं अस्तर सोडवतो, तिथे घाई करावीच लागते.

आणखी एक मुद्दा ज्यावर चांगलं गॅरेज ओळखता येतं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांदरम्यान असताना, पातळीच्या भोकातून ऑइल ओघळेपर्यंत भरायचं असतं. तापमान स्कॅनरवर बघितल्याशिवाय कोणी ‘भरलं’ म्हणत असेल तर ते काम अर्धवट आहे. कमी पातळी हेच पुष्कळ झटक्यांचं कारण असतं.

पातळी कमी होते कुठून? बाजूला जिथे वायरचा मोठा गोल प्लग बसतो, तिथल्या प्लॅस्टिकच्या स्लीव्हच्या सीलमधून. थेंब पॅनवर ओघळतात आणि पॅन गळतोय असं वाटतं. पॅन बदलला तरी गळती राहते. आत मेकॅट्रॉनिक आणि केस यांच्यामधलं ब्रिज सील आणि छोट्या नळ्या असतात. त्यांचं रबर आकसलं की दाब आत सुटतो, थंडीत रिव्हर्स उशिरा लागतो, गिअर बदलताना आरपीएम उसळतो. हे सुटे भाग किमतीने किरकोळ आहेत, श्रम मात्र एक बदला की सगळे, जवळपास तेच लागतात. म्हणून पॅन उघडायचाच असेल आणि गाडी लाखभर किलोमीटर पार गेली असेल, तर ऑइल, पॅन, स्लीव्ह, ब्रिज सील, नळ्या एकाच वेळी करा. पॅनमध्ये पेस्टच असेल, अ‍ॅडाप्टेशन मर्यादेत असेल आणि तक्रार झटक्यांची असेल, तर माझा कौल याच वाटेला. सोलेनॉइड त्यानंतर, तेही पुरावा असेल तरच. काम झाल्यावर अ‍ॅडाप्टेशन रीसेट करून नव्याने शिकवणं लागतंच, नाहीतर जुने आकडे नव्या सीलवर झटके देत राहतील.

फक्त कन्व्हर्टर दोषी ठरला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी जवळपास ओव्हरहॉलइतकी होते, म्हणून उतरवलेल्या स्थितीत पंपाची सील आणि चकत्यांची तपासणी करून घ्या.

ओव्हरहॉल की भंगारातला?

पॅनमध्ये अस्तर आणि धातू सापडलं, एखादी पकड मर्यादेबाहेर गेली, तर सील-दुरुस्तीचा विषय संपला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मिळणारा गिअरबॉक्स ओव्हरहॉलपेक्षा स्वस्त आणि जलद पडतो. पण त्याचं वयही तुमच्या गिअरबॉक्सइतकंच आणि त्याचे सीलही तितकेच म्हातारे. शिवाय एक्स५ चं इंजिन, मॉडेल वर्ष यांनुसार गिअरबॉक्सचे उपप्रकार आहेत. केसवरच्या धातूच्या पट्टीवरचा झेडएफचा भाग क्रमांक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बसवण्याआधी निदान पॅन, स्लीव्ह, ब्रिज सील नवे टाका.

ओव्हरहॉल महाग, पण आत काय घातलं ते माहीत असतं. तो निवडायचा असेल तर बांधणाऱ्याने ६एचपी आधी बांधले आहेत का ते विचारा, जुन्या चकत्या परत मागा, आणि कूलर बदलणार की फक्त धुणार ते लेखी घ्या. जुन्या धातूचा चुरा कूलरमध्ये राहिला तर नवा गिअरबॉक्स त्याच चुऱ्याने जातो. वॉरंटी नाकारण्याचं हेच सर्वात सोपं निमित्तही ठरतं.

गाडी एक्स५ नसेल तर?

ऑडी क्यू७ च्या पहिल्या पिढीत सुरुवातीला आयसिनचा सहा गिअरचा बॉक्स आहे. रचना लेपेलेटिएचीच, त्यामुळे वरचं कोडं तिथेही सुटतं, फक्त पकडींची नावं वेगळी. त्याचा ओळखीचा आजार व्हॉल्व्ह बॉडीची (ऑइलचा दाब पकडींकडे वळवणाऱ्या ठोकळ्याची) झीज, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधले झटके. क्यू७ मध्ये म्हणून मी गिअरबॉक्स बदलण्याआधी व्हॉल्व्ह बॉडीचा विचार करेन.

मर्सिडीज एमएलच्या डब्ल्यू१६४ मध्ये ७जी-ट्रॉनिक आहे, त्याचं गणित निराळं. तिथे वेगाचे सेन्सर आणि कंट्रोल युनिट आतल्या कंडक्टर प्लेटवर असतात. सेन्सर गेला की गाडी एका गिअरमध्ये अडकते, मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला, आणि प्रत्यक्षात चकत्या शाबूत असतात. मात्र युनिट चोरीविरोधी कोडिंगने त्या गाडीशी बांधलेलं असतं, जुनं आणून थेट लावता येत नाही. भंगारातला गिअरबॉक्स एमएलसाठी म्हणूनच सर्वात वाईट निवड.

विकायचं कधी? ओव्हरहॉलचा अंदाज गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल, आणि सोबत टायमिंग चेन किंवा एअर सस्पेन्शनही उंबरठ्यावर असेल, तर दुरुस्ती न करता, बिघाड खरेदीदाराला उघड सांगून, स्कॅन रिपोर्ट हातात देऊन विका.