शेवाळ दाबून ठेवायचं की फॉर्मलीनच्या बाटलीत?

मालवणहून समुद्रशेवाळ आणलं की कोल्हापुरात पोचेपर्यंत पिशवीतच वास सुटतो, म्हणून नमुना कसा जपायचा हा निर्णय पटकन घ्यावा लागतो.

मला दाबलेलंच आवडतं. पसरट ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घ्यायचं, खाली जाड कागद सरकवायचा, वर शेवाळ तरंगू द्यायचं आणि ब्रशनं एकेक फांदी मोकळी करत कागद हळूच तिरका उचलायचा, मग वर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर पेपरची रद्दी आणि वजन. बऱ्याच जातींना गोंद लागतच नाही, त्यांचा चिकटपणाच पुरतो! फक्त रद्दी रोज बदलायची, आपल्याकडच्या जुलैत तर दोनदा, नाहीतर बुरशी आलीच.

बाटलीत समुद्राच्या पाण्यातलं ४ टक्के फॉर्मलीन, म्हणजे नमुना कुजू न देणारं रसायन. आकार, जाडी तशीच राहते, सरगॅसम या तपकिरी शेवाळाचे हवेचे फुगे चपटे होत नाहीत, काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला हेच बरं. उल्वा आणि मोनोस्ट्रोमा ही दोन्ही पातळ हिरवी शेवाळं, पण उल्वा पेशींच्या दोन थरांची आणि मोनोस्ट्रोमा एकाच थराची, हे नुसत्या डोळ्यांनी कुठलं कळायला? पण रंग उडतो, आणि फॉर्मलीनची वाफ घरात नकोच बाबा, ते कॉलेजच्या लॅबमध्येच.

मी तुकडाभर बाटलीत टाकतो, बाकी सगळं कागदावर. जागा, तारीख मात्र दोन्हीकडे पेन्सिलीनंच, शाई पसरते.