डोमेन कोणाच्या खात्यात आहे, ते आधी बघा

दारव्हा, दिग्रस, पुसद या आमच्या पट्ट्यात हल्ली प्रत्येक संस्थेला वेबसाइट हवी असते, आणि तिच्यासाठी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्यावं लागतं. वाचनालय, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, देवस्थान, कोणीच मागे नाही. नागपूर-अमरावतीच्या मोठ्या एजन्सीचा खर्च त्यांना झेपत नाही, म्हणून काम कॉलेजच्या पोरापोरींकडे येतं. आणि ते बहुतेक वेळा मधल्या माणसाच्या हातून येतं. असा माणूस काय करू शकतो, ते मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी बीसीएला होते. तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारे एक भाऊ होते. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, अर्ध्या तालुक्याचे अर्ज त्यांच्याकडेच भरले जायचे. त्यामुळे संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांशी त्यांची रोजची ऊठबस. त्यांनी मला आधी वाचनालयाचं काम दिलं. ते अर्धवट असतानाच बचत गटाचं आलं, मग शेतकरी कंपनीचं, मग देवस्थानाचं. "तू फक्त काम पाय बेटा, पैशाचं मी पायतो," हे त्यांचं पालुपद. आणि जोडीला एक ताकीद: "लोकायले फोन नको करू. त्यायले वाटते पोरगी पैशासाठी मांगं लागली."

ही ताकीद लक्षात ठेवा. सगळी फसवणूक तिच्यावरच उभी होती.

कामं मनापासून केली. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांची यादी एका जाड रजिस्टरमध्ये होती, ओल लागून शाई पसरलेली, काही पानं एकमेकांना चिकटलेली. पान मोबाइलच्या उजेडात धरायचं, लेखकाचं नाव अंदाजाने वाचायचं, ग्रंथपाल काकांना विचारून पक्कं करायचं आणि टाइप करायचं. बचत गटाच्या मावश्यांना सरगुंडे, कुरडया, मूगवड्या यांचे फोटो हवे होते. ते मी त्यांच्याच अंगणात, पांढऱ्या लुगड्यावर सामान मांडून काढले. दिवसा वीज नाही, रात्री नेटवर्क बरं, म्हणून बहुतेक काम रात्रीच व्हायचं. समोर परीक्षा होतीच.

पैशांचं मात्र कधीच काही कळायचं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "कापसाचे चुकारे आले की देतात." आमच्याकडे हे उत्तर कोणालाही पटतं, कारण ते बहुतेक वेळा खरंच असतं. मध्येच दोन हजार हातावर ठेवायचे, म्हणायचे, हे वाचनालयाचे. पुढे कळलं, ते कंपनीच्या ॲडव्हान्समधले होते. एका कामाचा पैसा दुसऱ्याचा म्हणून द्यायचा आणि चारही कामं वेगवेगळ्या टप्प्यावर लोंबकळत ठेवायची, म्हणजे कोणाचे किती आले हे जुळवताच येत नाही. तिकडे संस्थांना सांगायचे, पोरगी उशीर करते, तिला आणखी थोडे द्यावे लागतील.

हे उघडं पडलं ते बचत गटाच्या अध्यक्ष मावशींमुळे. एका लग्नात भेटल्या आणि म्हणाल्या, "काऊन वं, पैसे घेऊन बसली अन् आमचा नंबरही नाही टाकला साइटवर?" मी म्हटलं, मला तर काहीच मिळालं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरी बोलावून फाइल काढली. व्हाउचरवर रक्कम पंधरा हजार, खाली एक रुपयाचं रसीदी तिकीट, त्यावर भाऊंची आडवी सही, आणि मजकूर: डिझायनरला पूर्ण रक्कम अदा केली. डिझायनर म्हणून माझं नाव. मला या कामाचे आठ हजार ठरल्याचं सांगितलं होतं आणि त्यातला एक रुपयाही मिळाला नव्हता.

त्यानंतर ग्रंथपाल काका, कंपनीचे संचालक, देवस्थानाचे सचिव या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. सगळ्यांनी पूर्ण पैसे दिलेले. एका सरपंचांकडून तर डॉट जीओव्ही डॉट इन डोमेन आणून देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती. हे डोमेन फक्त सरकारी संस्थांना, अधिकृत पत्रावर, ठरलेल्या सरकारी मार्गाने मिळतं. ते कुठल्या दुकानदाराला विकता येत नाही.

पण पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. चारही डोमेन भाऊंनी स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यात घेतलेली. वर्ष संपत आलं तशी त्यांनी प्रत्येक संस्थेकडे बारा हजारांची मागणी केली: सर्व्हर चार्ज, एसएसएल चार्ज, नूतनीकरण. साध्या डॉट इन डोमेनचं वर्षाचं नूतनीकरण साधारण हजाराच्या आसपास होतं. एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, मी तेच बसवलं होतं. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, लागतं, त्याला पैसे पडतात, पण एवढ्या छोट्या साइटला इतके नाही. वाचनालयाने नकार दिला आणि साइट बंद पडली. मुदतीनंतर डोमेन कोणी सोडवलंच नाही, ते मोकळं झालं आणि भलत्यानेच उचललं. वाचनालयाच्या नावाच्या त्या पत्त्यावर आज सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. काकांनी तो पत्ता वाचनालयाच्या पाटीवर रंगवून घेतला होता. त्यांना पाटी पुसावी लागली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आम्ही पोलिसांकडे गेलो. आधी "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकून परत यावं लागलं. मग प्रत्येक संस्थेने स्वतंत्र लेखी तक्रार दिली, सोबत व्हाउचरच्या प्रती जोडल्या. माझ्या नावाने पैसे दिल्याचा खोटा मजकूर सहीनिशी कागदावर होता, म्हणून तक्रारीला वजन आलं. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे आणि विश्वासाने सोपवलेली रक्कम हडपण्यासाठी कलम ३१६. अर्जात दोन्ही लिहिली. भाऊंनी बचत गटाचे काही पैसे परत केले आणि गट व कंपनीच्या डोमेनचे ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारे गुप्त कोड, दिले. तो कोड मिळाला आणि डोमेनवरचं लॉक काढलं की ते संस्थेच्या खात्यात हलवता येतं. माझे पैसे आले नाहीत. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो रस्ता अजून खुला आहे. पैसे रोख गेल्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा आम्हाला उपयोग नव्हता. तुमचे यूपीआयने गेले असतील तर वेळ न घालवता आधी त्याच नंबरला फोन करा.

आता कुठलंही काम घेताना मी डोमेन संस्थेच्या ईमेलवर, सचिवांच्या मोबाइलवर ओटीपी मागवून, त्यांच्यासमोर बसून घेते. पैसे भरल्याची पावती संस्थेच्या नावे. पासवर्ड त्यांच्या वहीत, त्यांच्या अक्षरात. आधीच घेतलेलं डोमेन असेल तर हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत, शोधून बघते. मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असतं, पण नोंदणी कधीची, मुदत कधी संपते आणि ते कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, आहे हे दिसतं. मग संस्थेला विचारायचं, या रजिस्ट्रारकडे तुमचं खातं आहे का? नसेल तर आधी ते सोडवायचं, डिझाइन नंतर. प्रत्येक कामाचं वेगळं पान, वेगळी रक्कम, आणि मोबदला थेट संस्थेकडून माझ्या बँक खात्यात. मधल्याला कमिशन हवं असेल तर संस्थेने त्याला वेगळं द्यावं, माझी हरकत नाही.

देवस्थानाचं डोमेन अजून भाऊंच्याच खात्यात आहे. सचिवांनी त्याची मुदत संपायची तारीख लिहून ठेवली आहे आणि आम्ही नव्या नावाची साइट तयार करतो आहोत. तुम्ही विद्यार्थी असाल आणि कोणी मधल्या माणसाने तुम्हाला अशी कामं दिली असतील, तर आजच त्या संस्थेच्या सचिवांना स्वतः फोन करा आणि सरळ विचारा: तुम्ही आतापर्यंत किती पैसे दिले, आणि कोणाच्या हातात?