टेलटेलचा ‘द वॉकिंग डेड’ : आठ वर्षांच्या मुलीसमोर घ्यायचे निर्णय

झॉम्बींच्या, म्हणजे माणसांवर तुटून पडणाऱ्या चालत्या प्रेतांच्या, कथेतील झॉम्बींचा वाचकाला किंवा खेळाडूला लवकरच कंटाळा येतो. टेलटेल गेम्सने २०१२ मध्ये पाच भागांत आणलेल्या या व्हिडिओ गेमच्या लेखकांना हे पुरते ठाऊक असावे, कारण त्यांनी सारा भर माणसांवर दिला आहे. रॉबर्ट किर्कमन यांच्या कॉमिक मालिकेचे जग येथे आहे, पण नायक नवा आहे. ली एव्हरेट हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातला इतिहासाचा प्राध्यापक पत्नीच्या प्रियकराच्या खुनाबद्दल दोषी ठरून तुरुंगाच्या वाटेवर असताना अपघातातून वाचतो आणि एकट्या पडलेल्या आठ वर्षांच्या क्लेमेंटाइनचा सांभाळ त्याच्यावर येऊन पडतो.

खेळाचा गाभा संवादात आहे. उत्तर निवडायला मोजके क्षण मिळतात आणि गप्प राहणे हेही उत्तरच धरले जाते. दुसऱ्या भागात लीच्या हाती खाण्याचे चारच जिन्नस दिले जातात आणि उपाशी तोंडे मात्र दहा असतात. मुलांना आधी द्यावे, हे सहज सुचते. पण कुंपण दुरुस्त करणाऱ्याला उपाशी ठेवले तर रात्री सर्वांचेच रक्षण कोण करणार, आणि जो म्हातारा आपला उघड द्वेष करतो त्याला सफरचंद देणे हा चांगुलपणा की लाचारी, याचा निवाडा खेळ करून देत नाही. येथे एकही झॉम्बी जवळपास नसतो, तरी हा प्रसंग मला संपूर्ण खेळातील सर्वांत कठीण वाटला.

निवडींमुळे कथानक फारसे बदलत नाही, हा या खेळावरील आक्षेप खरा आहे. पहिल्या भागात दोघांपैकी ज्याला वाचवावे, ते पात्र तिसऱ्या भागात मरतेच. मात्र कथा त्याच वळणावर पोहोचली तरी तेथे पोहोचणारा ली वेगळा असू शकतो आणि क्लेमेंटाइन ते पाहत असते. आगगाडीत तो तिला बंदूक धरायला शिकवतो, कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून तिचे केस कापतो. या शांत प्रसंगांत पालकत्वाविषयी जे येते, ते मारामारीच्या दृश्यांत कोठेच येत नाही.

तांत्रिक बाजू सामान्य आहे. नेमबाजी अवघडलेली आहे, कोडी बाळबोध आहेत (रेडिओत बॅटरी कशी घालावी, हे एका पत्रकार बाईला समजावून सांगावे लागते), तरी लीला आवाज देणारे डेव्ह फेनॉय आणि क्लेमेंटाइनला आवाज देणाऱ्या मेलिसा हचिसन यांच्या आवाजांपुढे हे सारे क्षम्य ठरते.

प्रत्येक भागाअखेर किती टक्के खेळाडूंनी आपल्यासारखाच निर्णय घेतला, याची आकडेवारी दाखवली जाते. ती मला खटकली, कारण त्यामुळे स्वतःच्या विवेकाने केलेली निवड मतदानाच्या निकालासारखी दिसू लागते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ती न वाचताच पुढचा भाग सुरू करावा.