चित्रावरून शाल विणायची तर लडी बहुरंगी घ्यावी की एकरंगी?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या जलकमळांच्या चित्रांवरून रंगवलेली लोकरीची लडी घरी आली तेव्हा दोन दिवस मी ती विणायला घेतलीच नाही. येता-जाता नुसती उचलून बघायची. निळा, त्यात शेवाळी हिरवा, जरासा जांभळा आणि मध्येच गुलाबी. पीळ घातलेल्या लडीत बहुरंगी लोकर जितकी सुंदर दिसते, तितकी ती पुढे क्वचितच दिसते. निदान माझ्या हाताला तरी तसाच अनुभव आला.

हाताने रंगवलेल्या लोकरीची शाल विणायला निघालेल्यांपुढे बहुधा हेच दोन पर्याय असतात. चित्रातले पाच-सहा रंग एकाच लडीत घ्यायचे, किंवा चित्रातला एखादा रंग निवडून त्याच्या फिकट-गडद छटांच्या दोन-तीन लड्या घ्यायच्या. मी दोन्ही विणून पाहिल्या. लोकर दोन्हींत मेरिनो मेंढीचीच, लडी १०० ग्रॅमची, धागा साधारण ४०० मीटर आणि गोल सुई ४ मिमीची, म्हणजे आपल्याकडची जुनी ८ नंबर. त्यामुळे फरक पडला तो रंगाचाच.

आधी बहुरंगी लडीबद्दल. आईने दोन्ही हातांवर लडी धरली, मी गुंडा केला आणि मानेच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या त्रिकोणी शालीचे टाके घातले. ही शाल दर दोन ओळींना चार टाक्यांनी वाढते. सुरुवातीच्या छोट्या ओळींत रंग बारीक पट्ट्यांनी येत होते आणि फार गोड दिसत होते. पुढे काय येणार या उत्सुकतेने मी रात्री उशिरापर्यंत विणत बसायची. हा आनंद एकरंगी लोकर देत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

सव्वाशे टाक्यांच्या आसपास मात्र गुलाबी गुलाबीवरच बसायला लागला. लडी रंगवतात तेव्हा तिचे एक मोठे वेटोळे असते आणि त्याचा घेर बऱ्याचदा दीड मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे दर दीड मीटरला तेच रंग त्याच क्रमाने परत येतात. माझ्या हाताने सव्वाशे टाक्यांच्या एका ओळीला जवळपास तेवढाच धागा लागतो. ओळीला लागणारा धागा आणि वेटोळ्याचा घेर जुळला की रंग पसरायचे सोडून एका जागी साचतात. विणणाऱ्या बायका याला पूलिंग म्हणतात. पाठीच्या मधोमध तळहाताएवढा गुलाबी डाग तयार झाला. शाल खांद्यावर टाकून आईला दाखवली तर ती म्हणाली, "अगं, इथे काही सांडलंय का?"

यावर उपाय आहे. दोन लड्या घ्यायच्या आणि दर दोन ओळींनी आलटून पालटून विणायच्या. मी वीतभर उसवले आणि तसे करून पाहिले. डाग मोडला, पण दर दोन ओळींनी धागा बदलायचा म्हणजे दोन गुंडे मांडीवर आणि दोघांचा एकमेकांत गुंता. कडेने वर नेलेला धागा जरा ओढला गेला की ती कड आखडते आणि शाल एका बाजूने तोकडी पडते. शाल मी शांत बसायला विणते. दर चौथ्या मिनिटाला गुंडे सोडवत बसायचे, हे मला जमेना. माझा निर्णय झाला तो या एका कटकटीमुळे. तुमची सहनशक्ती माझ्यापेक्षा जास्त असेल, तर कदाचित तुम्हाला ही अडचणही वाटणार नाही.

नंतर विचार करताना वाटले की दोष त्या लडीचा नव्हता. मोने यांनी फ्रान्समधल्या जिव्हेर्नी गावातल्या आपल्या तळ्याची सुमारे अडीचशे चित्रे काढली. त्यांतली भव्य चित्रे पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात १९२७ पासून दोन लंबगोल दालनांत लावलेली आहेत. त्या पाण्यात गुलाबी ठिपका फुलाच्या जागीच येतो आणि भोवतीचा निळा-हिरवा त्याला उचलून धरतो. माझ्या शालीत गुलाबी कुठे येणार हे वेटोळ्याचा घेर ठरवत होता. रंग मोनेचे होते, पण त्यांची जागा मोनेने ठरवलेली नव्हती.

दुसऱ्या शालीसाठी मी वासुदेव गायतोंडे यांच्याकडे वळले. १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार. रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरायच्या पातळ सुरीने, ते रंगाचे थर चढवत आणि काढत. त्यांच्या कितीतरी चित्रांत पाहावे तर एकच रंग असतो, आणि थांबून पाहिले की त्याच्या आतून उजेड येताना दिसतो. एकरंगी, पण छटा हलती असलेली लोकर याच जातीची.

पिवळ्याच्या दोन लड्या विकत घेतल्या, तिसरी घरी रंगवली. स्वयंपाकात पुन्हा वापरायचे नाही असे जुने स्टीलचे पातेले, पाण्यात थोडे व्हिनेगर आणि लोकरीला चालणारा ॲसिड रंग. उकळी फुटू न देता अर्धा तास मंद आच ठेवली आणि मुद्दाम फार ढवळले नाही, म्हणजे रंग कुठे दाट बसतो, कुठे विरळ. हळूहळू पाणी निवळत जाते. सगळा रंग लोकरीने ओढून घेतला की पातेल्यात जवळपास नितळ पाणी उरते. ते बघताना मी दर वेळी गॅसजवळच उभी राहते.

या शालीत डाग कुठेच साचला नाही. छटांमधला फरक इतका हलका की जुळून आल्या तरी डोळ्याला खटकत नाहीत. शिवाय जाळीची नक्षी दिसली. बहुरंगी लोकरीत मी घातलेली पानांची जाळी रंगांत पार हरवून गेली होती, इथे पान अन् पान मोजता येते.

गैरसोयी आहेतच. तीन लड्यांचा खर्च एका लडीपेक्षा जास्त. हाताने रंगवलेल्या दोन लड्या तंतोतंत सारख्या नसतात, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी आठ-दहा ओळी आलटून पालटून विणाव्याच लागतात. पण तेवढ्यापुरतेच. मधली लांब पिवळी वाट कधीकधी कंटाळवाणीही होते. आणि गडद रंग घेतलात तर पहिले एक-दोन पाणी वेगळे द्या. माझ्या एका निळ्याने पांढऱ्या टॉवेलला रंग लावला होता.

तुम्हाला जाळी नको असेल, दोन्ही बाजूंनी सुलट विणायचे असेल आणि रंगांचा खेळच हवा असेल, तर बहुरंगी लडी जरूर घ्या. मध्येमध्ये टाके न विणता उचलून घेतले की रंगांची रांग मोडते आणि डाग कमी पडतात. घेण्याआधी दुकानदाराला विचारून लडीचा पीळ सोडा, वेटोळे सरळ धरा आणि एकेक रंग किती लांब आहे ते पाहा. वीतभर लांबीचा गडद रंग असेल तर मी तरी ती लडी शालीसाठी घेणार नाही. बोटभर ठिपके असतील तर घेईन.

मोनेची ती शाल शेवटी पूर्ण उसवली. धुऊन, वाळवून तिचे गुंडे करून ठेवले आहेत. सध्या सुईवर राखाडी-निळी शाल आहे, आणि दर वीतभर अंतरावर मोनेच्या त्या उसवलेल्या लोकरीच्या दोनच ओळी घालते आहे. गुलाबी कुठे यावा हे पाहून धागा जोडते, नको तिथे आला तर कापून पुढचा घेते. टोके लपवायला बराच वेळ जातो, पण काल आईने शाल हातात घेतली आणि त्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाली, "हे फूल छान आलंय."