सेनहायझर एचडी ५६०एस : दिवाळी ते गणपती, रोज डोक्यावर

मी घरून ऑडिओबुकं एडिट करते. निवेदकाचे श्वास, ओठांची चटचट, पान उलटल्याची सळसळ, मागे विसरून चालू राहिलेला पंखा हे सगळं शोधून काढायचं काम. त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन डोक्यावर असतो. मला चष्मा आहे, कानात कुड्या आहेत आणि केस लांब आहेत. हेडफोनवर लिहिणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच नसावं, असं त्यांचे रिव्ह्यू वाचून वाटतं, म्हणून हा लिहिते आहे.

जुन्या हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन सोलून काळे कण गालाला चिकटायला लागले, तेव्हा नवा शोधायला निघाले. मॉलमधल्या मोठ्या दुकानांत हेडफोन चोरी होऊ नये म्हणून तारेने बांधलेले असतात. ती तार एका बाजूला ओढत राहते, वर टीव्हीचा गोंगाट. तिथे रंग तेवढा कळतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत वायर, जॅक, सोल्डरिंगचं सामान सगळं मिळतं आणि मी अजूनही केबल तिथूनच आणते, पण सीलबंद खोका उघडून तासभर ऐकू द्या म्हणायची ती जागा नव्हे. शेवटी कर्वे रस्त्याच्या बाजूला स्पीकर-अॅम्प्लिफायर विकणारं एक लहान दुकान सापडलं. आधी फोन करून, गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी गेले. जाताना रोज घालते तोच चष्मा, त्याच कुड्या आणि नेहमीसारखा अंबाडा. याचा फार उपयोग झाला, कारण दोन हेडफोनची पट्टी अंबाड्याला अडून पुढे कपाळाकडे सरकत होती, आणि घरी आणल्यावर मी काही रोज वेणी घालणार नव्हते.

पहिली वीसेक मिनिटं मी काहीच लावलं नाही. हेडफोन नुसता घालून बसले. दुकानदारांनी दोनदा विचारलं, "मॅडम, वायर लावून देऊ का?" आवाज सुरू झाला की सगळं लक्ष तिकडे जातं आणि चष्म्याची काडी कानामागे रुततेय हे कळतच नाही. तो दाब पाच मिनिटांत जाणवत नाही, हळूहळू चढतो. अंगावर काढता येईल असं तेव्हा वाटतं, पण दुपारनंतर डोकं ठणकायला लागतं. वजनाचा आकडाही एकटा काही सांगत नाही. एचडी ५६०एस २४० ग्रॅमचा आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स २८५ ग्रॅमचा आणि अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. पण पकड किती आहे, गादी कानाभोवती बसते की कानावर, आणि कुडीची मागची फिरकी मानेत टोचते का, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. एचडी ५६०एसच्या मखमली गादीच्या लंबगोल वाटीत माझा अख्खा कान कुडीसकट मावला, तिथेच निम्मा निर्णय झाला.

दुकानातला डेमोचा नग सैल असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. तो दिवसभर जाड स्टँडवर ताणलेला असतो, शिवाय शेकडो डोक्यांवरून गेलेला. खोक्यातला नवा नग जास्त आवळतो. माझाही आवळला. रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, माझ्या डोक्यापेक्षा किंचित रुंद, असा चढवून ठेवत गेले आणि काही आठवड्यांत पकड मवाळ झाली. पट्टी हाताने वाकवायच्या फंदात पडू नका.

आता आवाज. ऐकायला दुकानदारांची झगमगीत डेमो गाणी मी नको म्हटलं. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, मी अजून साफ न केलेलं एका निवेदिकेचं कच्चं रेकॉर्डिंग. दुसरं, मैत्रिणीच्या घरी झालेल्या बैठकीचं. त्या बैठकीत मी समोर बसले होते, पेटी माझ्या डाव्या हाताला होती, तबला उजव्या, आणि मागे कुणीतरी सारखं खोकत होतं. हेडफोनने हे जिथल्या तिथे ठेवलं की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

तानपुरा लावला की फरक पटकन कळतो. स्वस्त हेडफोनमध्ये नुसती एक घूं ऐकू येते. इथे जवारीतून उठणारे वरचे स्वर वेगळे होतात, प्रत्येक तार छेडल्याचा क्षण ऐकू येतो. डग्ग्याची मींड पूर्ण खाली जाते, पण छातीत धक्का बसेल असा ठोका नाही. तो हवा असेल तर हा हेडफोन रुक्ष वाटेल. वरच्या बाजूला जरा धार आहे. 'स' आणि 'श' ठळक येतात. माझ्या कामाला ते बरं, कारण निवेदिकेचा सुस्कारा सुटत नाही. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा मी इक्वलायझरने वरचा भाग थोडा उतरवते.

तुलना करताना प्रत्येक वेळी आवाजाची पातळी कानाने सारखी करून घेतली. हे फार महत्त्वाचं, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, बेस आणि वरचा भाग दोन्ही जास्त भरल्यासारखे होतात. एचडी ५६०एसचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, १२० ओहम, एम५०एक्सचा ३८. फोनचा आवाज त्याच खुणेवर ठेवून दोन्ही ऐकले तर पहिला बिचारा उगीच मंद ठरतो. मंद तो नाही. एक व्होल्ट मिळाला तर ११० डेसिबल देतो, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या साध्या डोंगलवरही भागतं.

आणखी एक प्रयोग करून बघा. क्लोज्ड-बॅक, म्हणजे बाहेरून बंद वाटीचा, हेडफोन घालून तबला लावा आणि चष्म्याची काडी क्षणभर उचला. गादी आणि गाल यांच्यातली फट बुजते आणि डग्गा एकदम मोठा होतो. चष्मेवाल्यांनी 'बेस कमी आहे' म्हणण्याआधी हे तपासावं. या ओपन-बॅकमध्ये तो फरक मला कमी जाणवला.

ओपन-बॅक म्हणजे वाटीची बाहेरची बाजू जाळीची. याच कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला, तेव्हापासून ही पद्धत रुळली. (२०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा धंदा सोनोव्हा या स्विस कंपनीने घेतला. श्रवणयंत्रं बनवणारी कंपनी! आयुष्यभराचं गिऱ्हाईक धरून ठेवायची सोय.) जाळीमुळे हवा खेळते, मे महिन्यातही कान उकडले नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दाराची बेल कळते. पण हे दोन्हीकडून उघडं आहे. पलीकडच्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते मघाचं वाक्य ती बाई तिसऱ्यांदा वाचतेय का?" त्यांना गोष्ट कळत होती. आता प्रकरण संपलं की पुढे काय झालं ते त्याच विचारतात.

खरी अडचण जुलैपासून आली. आमच्या घरापासून नदीपात्र लांब नाही, आणि ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू झाला की या जाळीतून ढोल सरळ आत येतो. मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि माझे तास तसेच भरत आलेले असतात. त्या दिवसांत संध्याकाळचं काम मी सकाळी सरकवलं, आणि नाइलाज असेल तेव्हा एक साधा क्लोज्ड-बॅक वापरला. वनाझहून मेट्रोने जाताना कानात काही हवं असेल तर हा घेऊच नका. त्यासाठी बाहेरचा गोंगाट दाबणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंगवाला, सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५सारखा बघा. तोही २५० ग्रॅमचाच आहे. पण एडिटिंगला ब्लूटूथ नको, कर्सर आणि आवाज यांत अंतर पडतं.

केबल तीन मीटरची, टोकाला जाड ६.३ मिमीचा जॅक. माझ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइक-हेडफोन संगणकाला जोडायचा डबा) तो थेट बसतो. फोनला लावायचा तर खोक्यातला अडॅप्टर, त्याला टाइप-सी डोंगल, अशी लांबलचक शेपटी लोंबते. केबल सुटी होते, तेव्हा मी आखूड करवून घेतली.

गाद्यांच्या मखमलीवर केस आणि तेल बसतं. न्हायच्या आदल्या दिवशी तेल लावलेलं असेल तर मी डोक्याला सुती रुमाल बांधून मग हेडफोन घालते. तरी डावी गादी उजवीपेक्षा जास्त दबली आहे, कारण काढताना मी नेहमी डावीकडूनच ओढते. गाद्या सुट्या मिळतात. दिवाळीच्या आसपास जोडी बदलेन. वीस हजारांच्या आत मिळालेल्या वस्तूचा एवढाच भाग झिजलाय.