गणपती पेठेतलं जिन्याखालचं रिपेअरिंगचं दुकान, सांगली : सहा महिने वापरून मग लिहितोय

आधीच सांगतो, दुकानाला पाटी नाही त्यामुळं नाव विचारू नका. गणपती पेठेत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली सहा बाय आठची जागा, बाहेर उघड्या कॅबिनेटांची थप्पी, आत एक माणूस आणि एक टेबलफॅन. आसपास कुणालाही 'कॉम्प्युटरवाले दादा' म्हणा, दाखवतात.

माझं काम डीटीपीचं. घरातच, पुढच्या खोलीत. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दहाव्याचे कार्ड, सोसायटीचे वार्षिक अहवाल, ऊस वाहतुकीच्या पावत्या, असलं सगळं. डेस्कटॉप २०१४ चा, चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, एच ८१ चा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो बोर्ड), ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. त्यावर विंडोज सेव्हन ३२ बिट आणि त्यात पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगची जुनी श्रीलिपी, तीही मशीनच्या मागं लॉक (कंपनीनं दिलेली पेनड्राईव्हसारखी किल्ली) लावलं तरच चालणारी. हसू नका, सांगली मिरजेत अजून कित्येक जण ह्याच्यावरच पोट भरतात. पंचवीसेक वर्षांच्या पत्रिकांच्या फायली त्याच फॉन्टात आहेत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की श्रीगणेशाय नमःच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो.

तर २०२५ च्या मे मध्ये, आठवत असेल तुम्हाला, वळीव असा काय धरला की उन्हाळा कधी संपला कळलंच नाही. एका संध्याकाळी विजा चालू, लाईट गेली, आली, परत गेली, आणि आली तेव्हा हा गडी उठेना. बटण दाबलं की पंखा अर्धा वेढा फिरायचा आणि गप्प. एका पत्रिकेचं प्रूफ वरपित्याला दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, मुहूर्त काय माझ्या मशीनसाठी थांबणार आहे का.

सकाळी पहिला गेलो एका मोठ्या शोरूमला, एसी, काचेचं दार, नाव सांगत नाही. कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही हो! पोरानं फक्त वरनं बघितलं, म्हणाला सर बोर्ड गेलाय, अकरा वर्षं झालीत आता किती वापरणार, आणि कोटेशन काढलं ३१ हजाराचं. वर म्हणे हाच चालू करायचा तर निदान रॅम तरी ८ करा. आता बोर्ड गेलाय म्हणतोस तर रॅम बसवू कशावर, हे मी विचारलं नाही, घाईत होतो. पुण्याचा भाचा फोनवर तेच, "मामा फेका तो डबा." फेका काय, त्या डब्यातच माझं गिऱ्हाईक आहे.

मग प्रेसवाल्यानं ह्या दादांकडं पाठवलं. माझ्या आधी मार्केट यार्डातले एक मुनीमजी बसलेले, हळदीच्या अडत दुकानातले, त्यांचाही असाच जुना डेस्कटॉप. मला वाटलं रिपेअरिंगवाला माणूस, धंदा म्हणून करून देणार. तर दादा त्यांना सांगतायत की ह्याच्यात पैसे घालू नका. तुमचं टॅली, जीएसटी, बँकेचं सगळं नेटवर, विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला बंद होणार, फारतर वर्षभर वाढवून घ्याल, आणि ह्या मशीनवर विंडोज इलेव्हन रीतसर बसत नाही कारण त्याला आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २ (सुरक्षेची चिप) लागतं. जुगाड करून बसवतो म्हणणारे भेटतील, पण पैशाच्या व्यवहाराला जुगाड नको. त्यापेक्षा कंपन्यांतनं निघालेली आठव्या जनरेशनची सेकंडहँड मशीन येतात चौदा पंधरा हजारात, ती घ्या नाहीतर सरळ नवीन घ्या. मुनीमजी जरा नाराजच झाले.

माझा नंबर आला. मी म्हणलं बोर्ड गेलाय म्हणतात. त्यांनी मशीनकडं बघितलंच नाही, मला विचारलं, "काका, ह्याच्यावर काम काय करता?" मी सांगितलं. "नेट?" म्हणलं क्रोम तर २०२३ पासनंच अपडेट होत नाही, मॅटर व्हॉट्सॅपवर मोबाईलला येतं, ते बघून टाईप करतो. "मग लॉक सांभाळा आधी," म्हणाले आणि मागनं लॉक काढून माझ्याच हातात दिलं. दुकानात ठेवून घेत नाहीत, हरवलं तर मशीनपेक्षा महाग पडेल म्हणून. इथंच माणूस पटला मला.

मग उघडलं. आत काय धूळ होती वो, उदबत्तीच्या राखेसारखी. त्यांनी बोर्डाची सगळी कनेक्शनं काढली, एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडली, म्हणजे तो बोर्डाशिवाय चालू व्हायला हवा, पण एसएमपीएस मेलेला. त्याचं झाकण उघडून दाखवलं, आतले दोन कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले, पुरीसारखे. त्यांच्याकडचा टेस्टिंगचा एसएमपीएस लावला आणि बोर्ड एका झटक्यात चालू, टिक् असा बीप. ३१ हजाराचा मेलेला बोर्ड!

तारीख मात्र २०१४ ची दाखवत होती, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला. मी दोन वर्षं रोज सकाळी तारीख हातानं घालत होतो, मला वाटायचं वय झालं मशीनचं. चाळीस रुपयाचा सेल.

मग हार्डडिस्क तपासली, बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब झालेले भाग) निघाले. मशीन चालू व्हायला चार साडेचार मिनिटं घ्यायची ती ह्याच्यामुळं. मी म्हणलं, रॅम वाढवूया का, शोरूमवाला म्हणत होता. तर दादा म्हणाले, "काका तुमचं विंडोज ३२ बिट आहे, त्याला ४ जीबीच्या वर रॅम दिसतच नाही, आत्ताच सव्वातीन वापरतंय. ८ घातली तर उरलेली नुसती शोभेला." मला डीटीपी करून इतकी वर्षं झाली आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरती चकती नसलेली डिस्क) घाला म्हणाले. साधी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक एमबी देते, साध्या साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि खरा फरक त्यापेक्षाही बारीक बारीक फायली उचलण्यात पडतो, पेजमेकर फॉन्टांची यादी उघडताना जे अडकून बसायचं ते तिथंच. पण नवीन विंडोज टाकायचं नाही, आहे तशी डिस्क क्लोन करायची म्हणजे हुबेहूब उतरवून घ्यायची, नाहीतर सॉफ्टवेअर परत बसवताना लॉक आणि सिरीयल नंबर शोधत बसाल.

मी सरळ विचारलं की ठेवू का काढू, एकदाच सांगा. म्हणाले बोर्ड गेला असता तर मीच नको म्हणलो असतो. ह्या सॉकेटचे नवीन बोर्ड मिळतात ते कुठल्यातरी चायना कंपनीचे, दोन अडीच हजारात, सहा महिन्यांनी परत माझ्याच दारात याल. बोर्ड जिवंत आहे, बाकी सगळं बाहेरनं जोडायचं सामान आहे, आणि ते उद्या नवीन मशीनलाही लावता येतं, वाया जात नाही. फक्त ह्याला नेट दाखवायचं नाही आणि पेनड्राईव्ह आलेला प्रत्येक वेळी आधी दुसरीकडं स्कॅन.

बिल (बिल म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेलं) असं: ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस १९००, २४० जीबी एसएसडी १६५०, सेल ४०, साफसफाई, प्रोसेसरची पेस्ट आणि क्लोनिंग मिळून ५००. झाले ४०९०, घेतले ४०००. साडेसहाशेचा लोकल एसएमपीएस पण होता त्यांच्याकडं, मी विचारला, तर तो हातात घेऊन बघा म्हणाले. वजनच नाही. मी १९०० चा घेतला.

अजून एक गोष्ट जी रिपेअरिंगमध्ये धरली नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांनी विचारलं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का. येतात की, पावसाळ्यात तर जास्तच, म्हणून बायको चप्पल घालून पुसते. म्हणाले मग एसएमपीएसनं नाही, तुमच्या अर्थिंगनं दगा दिलाय. एसएमपीएसमधला फिल्टर थोडा करंट बॉडीवर सोडतच असतो, तो अर्थिंगमधनं जायचा असतो, अर्थिंगच नसेल तर तो तुमच्या हातातनं जातो, आणि वीज पडल्यावर येणारा झटकाही जायला वाट शोधतो. वायरमन बोलवला तर खरंच, स्पाईकगार्डची तिसरी पिन भिंतीवरच्या ज्या स्विचबोर्डात जात होती त्याला मागं अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. घर बांधल्यापासनं! यूपीएसची बॅटरीही दोन वर्षं मेलेली, तीही बदलली, तो खर्च वेगळा.

आता तक्रारी, कारण नुसतं गोडगोड लिहिलं तर लोक म्हणतील पाहुणा आहे काय.

फोन उचलत नाहीत. अजिबात नाही. उद्या देतो म्हणाले ते तिसऱ्या दिवशी दिलं, बॅड सेक्टरमुळं क्लोनिंग रात्रभर चाललं आणि पहाटे अडकलं म्हणून परत लावावं लागलं, कारण खरं असेल पण एक फोन करायचा की. माझं प्रूफ तेवढ्यात मित्राच्या मशीनवर बसून युनिकोडमध्ये परत टाईप केलं, काना मात्रा तपासता तपासता डोळे गेले. पक्कं बिल मिळत नाही, ज्यांना ऑफिसात लावायचंय त्यांनी आधी बोलून घ्या. बसायला एक स्टूल आणि त्यावर कुणीतरी आधीच बसलेलं असतं.

आणि सप्टेंबरात नव्या एसएमपीएसचा पंखा घरघरायला लागला. वॉरंटीत होता, पुठ्ठ्यावरची तारीख त्यांनी मानली, काही घोळ घातला नाही, पण माल कोल्हापूरला डीलरकडं जाऊन यायला बारा दिवस. तोपर्यंत त्यांनी जुना एक लावून दिला, पैसे नाही घेतले. तुळशीचं लग्न झाल्यावर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या आत झालं म्हणून वाचलो.

बाकी सहा महिन्यात मशीन एकदाही अडकलेलं नाही. चालू व्हायला अर्धा मिनिट. १२ए कार्ट्रिजवाला माझा जुना लेझर प्रिंटरही त्यालाच लावलाय, ट्रेसिंग पेपरवरची प्रिंट एकदम काळीभोर निघते. नेटच्या कामाला भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला, मेल, पीडीएफ पाठवणं, लाईट बिल सगळं त्याच्यावर. जुनी हार्डडिस्क त्यांनी परत दिली आणि बजावलं की हिला बॅकअप समजू नका, म्हणून सगळ्या पत्रिका वेगळ्या दोन पेनड्राईव्हवर काढून एक बहिणीकडं मिरजेला ठेवलाय. तो मिरजेला का, तर २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेलं तेव्हा ह्याच पेठेत दुकानांत पाणी होतं, आणि दादा म्हणाले त्या वेळी त्यांच्याकडं गाळानं भरलेली मशीन पोत्यांत भरून येत होती. ज्यांनी ओलं असताना चालू करून बघितलं नाही त्यातली काही धुऊन वाळवून चालली. ज्यांनी घाईनं बटण दाबलं त्यांची गेली.

जाणार असाल तर साडेपाचनंतर जा, सकाळी गर्दी असते. मॉनिटर न्यायची गरज नाही, नुसतं कॅबिनेट न्या, आणि ह्याच्यावर काय काम करता ते आधी ठरवून जा कारण तेच पहिलं विचारतात. साईडच्या पत्र्याचे स्क्रू मात्र मोजून घ्या. माझे चारातले दोन अजून तिथंच कुठंतरी आहेत, गेल्या आठवड्यात मागितले तर म्हणाले, "काका डब्यात हात घाला आणि बसेल तो घ्या."