दहाचाकीत बसवलेला टचस्क्रीन सेट: दिवाळी ते गणपती

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. ट्रकमध्ये गाणी-नकाशाचा टचस्क्रीन सेट बसवायचा असेल तर स्क्रीन किती इंची आणि रॅम किती जीबी हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा की वीज कुठून घेणार, सेट मागून कशावर टेकणार आणि आवाज कमी-जास्त करायला फिरवायचं बटण आहे का. दुकानदार नेमकं उलट्या क्रमानं सांगतो, कारण त्याच्याकडं येणारी दहातली नऊ गिऱ्हाइकं कारवाली असतात.

गाडी नाशिकची, दहाचाकी, ओपन बॉडी. पिंपळगाव-लासलगावचा कांदा नागपूरकडं, येताना बुटीबोरीचा मिळेल तो माल, मधेअधे अंबड एमआयडीसीतून भिवंडी. मी आणि चुलतभाऊ आलटून-पालटून चालवतो. सेट 2024 च्या दिवाळीत बसवला. म्हणजे त्याचा एक अख्खा उन्हाळा झाला आणि आता 2025 चा पावसाळाही सरत आलाय.

बाजारात दोन जाती आहेत. एकात अँड्रॉइड सेटच्या पोटातच असतं. सिम टाका नाहीतर हॉटस्पॉट द्या, की तो स्वतः चालतो. दुसऱ्याला स्वतःची अक्कल नसते, तुमचा फोन जोडला की अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधला नकाशा-गाणी सेटवर दाखवायची सोय, स्क्रीनवर येतं. मी दुसरा घेतला, ओळखीच्या कंपनीचा, सात इंची. पहिल्या जातीतले बिननावाचे सेट स्वस्त असतात, पण खोक्यावर लिहिलेली रॅम आत निघेलच याची खात्री नाही आणि दोन वर्षांनी त्यावर नवीन ॲप चालेनासं होतं. फोन तसाही आपण बदलतोच. नकाशा फोनमधला, गाणी फोनमधली, मग सेटनं फक्त मोठी काच आणि आवाज द्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

आता विजेबद्दल, कारण खरी गोम इथंच आहे. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, मिळून 24. इंजिन चालू असताना अल्टरनेटर 28 च्या आसपास देतो. कारसाठी बनलेला सेट 15 व्होल्टच्या वर गेला की धोक्यात. म्हणून बरेच वायरमन सोपा मार्ग काढतात: दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 घ्यायचे. सेट मस्त चालतो, गिऱ्हाईक खूश, पैसेही वाचले. पण आता एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते आणि अल्टरनेटर मात्र दोघींना एकच जोडी समजून चार्ज करतो. एक कायम उपाशी राहते, दुसरी कायम जास्त भरते. काही महिन्यांत दोन्ही बसतात आणि मालक बॅटरीच्या कंपनीला शिव्या देतो. टेपाची आठवणही कुणाला येत नाही.

आमच्या अड्ड्यावरचा वायरमन जुना माणूस आहे. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "भाऊ, कन्व्हर्टरशिवाय लावायचा असेल तर दुसरीकडं जा." 24 चे 12 करणारा 10 अँपिअरचा कन्व्हर्टर लावला. 120 वॉट म्हणजे सेट आणि केबिनमधले चार स्पीकर यांना पुरेसा. खोक्यावर लिहिलेल्या 4 गुणिले 50 वॉटवर जाऊ नका, तो आकडा क्षणभराचा असतो. वूफर आणि ॲम्प्लिफायर लावणार असाल तर मात्र कन्व्हर्टर मोठा लागेल, आणि त्याला हवा लागेल अशी जागाही. बंद खणात तो चांगलाच तापतो.

एक बारकावा सांगून ठेवतो, कारण कारवाल्या दुकानात तो कुणी सांगत नाही. सेटला वीज दोन वायरींनी लागते. पिवळी कायमची आणि लाल चावीची. लोक पिवळीला कन्व्हर्टर लावतात आणि लाल वायर सरळ गाडीच्या चावीच्या लाइनला जोडतात. ती लाइनसुद्धा 24 चीच असते. आमच्या गाडीत वायरमननं 24 व्होल्टचा रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारा स्विच, टाकला: चावी फिरली की रिले ओढला जातो आणि कन्व्हर्टरचे 12 लाल वायरीत जातात. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या खुणेच्या वायरीलाही तेच लागू. मागच्या रिव्हर्स दिव्यावरून घेतलेली लाइन 24 ची, सेटला हवी 12 ची. तिथं दुसरा रिले. दोन रिले, दोन फ्यूज, कन्व्हर्टर, आणि गाडीचा मूळ कपलर न तोडता वेगळी लाइन. मजुरी कारपेक्षा जास्त झाली आणि मी घासाघीस केली नाही. सेट, कॅमेरा आणि मजुरी धरून खर्च पंचवीस हजारांच्या आत बसला.

बॅटरी कट-ऑफचा विचारही आधी करा. गाडी दोन दिवस उभी राहणार असेल तर आम्ही मेन स्विच पाडतो, म्हणजे पिवळी वायरसुद्धा मरते. काही सेट अशा वेळी रेडिओचे स्टेशन आणि आवाजाची सेटिंग विसरतात. माझा घड्याळ विसरतो, बाकी लक्षात ठेवतो. पोटात अँड्रॉइड असलेला सेट असेल तर दर वेळी पहिल्यापासून चालू व्हायला बराच वेळ घेतो. माल भरून, बिल्टी घेऊन निघायच्या घाईत असताना तो गोल फिरणारा ठिपका बघत बसायला कुणाला आवडेल?

बसवण्याबद्दल. सेटच्या खाचेच्या ठरलेल्या मापाला डिन म्हणतात. आमच्या डॅशवर खाच सिंगल डिनची होती, 180 बाय 50 मिलिमीटर. त्यात बसणारे आणि बाहेर नऊ-दहा इंची स्क्रीन लोंबणारे सेट मिळतात. कारमध्ये छान दिसतात. ट्रकमध्ये ती स्क्रीन एकाच दांडीवर डोलत राहते आणि रस्ता खराब लागला की अक्षरं वाचता येत नाहीत. मोटरनं बाहेर सरकणाऱ्या स्क्रीनचं तर नावच काढू नका. आम्ही खाच 100 मिलिमीटरपर्यंत उंच कापून डबल डिन बसवला, आणि सेटच्या मागच्या बोल्टवरून लोखंडी पट्टी आतल्या आडव्या पाइपला आवळली. या पट्टीला कुणी महत्त्व देत नाही. ती नसेल तर सेटचं सगळं वजन पुढच्या फ्रेमवर येतं आणि फायबरचा डॅश कुरकुरायला लागतो. आमचा अजून कुरकुरत नाही, सिन्नर-घोटी रस्त्यावरही नाही.

यूएसबीचंही तसंच. फोनची वायर थेट सेटमध्ये खुपसली की प्रत्येक खड्ड्याला अँड्रॉइड ऑटो तुटतं आणि नकाशा ऐन वळणावर गायब होतो. मागून एक्स्टेंशन आणून डॅशवर स्क्रूनं पक्कं बसवलं, फोनला आखूड आणि चांगली केबल घेतली, तेव्हापासून क्वचितच तुटतं. वायरलेसचा पर्याय माझ्या सेटमध्ये आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात तो वापरून बघितला आणि फोन तव्यासारखा तापला. आता हिवाळ्यातच.

आवाजाचं बटण. हे मी हट्टानं मागितलं होतं. हाताला कांद्याची धूळ, गाडी हलतेय, समोर कंटेनर, आणि काचेवरची बोटभर पट्टी दाबून आवाज कमी करायचा? गोल बटण न बघता सापडतं. दुकानदारानं बिनबटणाचा सेट "लेटेस्ट" म्हणून दाखवला होता.

नकाशाबद्दल लोकांची समजूत जरा वेगळी असते, म्हणून सविस्तर लिहितो. मोठी स्क्रीन लावली म्हणून नकाशाला तुमची गाडी ट्रक आहे हे कळत नाही. गूगल मॅप्समध्ये आपल्याकडं कार आणि दुचाकी हे पर्याय आहेत, पण उंची आणि वजन टाकून ट्रकचा रस्ता मागायची सोय नाही. 2024 मध्ये त्यांनी अरुंद रस्ते टाळण्याची सोय आणली, पण कारसाठी, आणि सुरुवातीच्या आठ शहरांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. त्यामुळं गावातून दोन किलोमीटर वाचवणारा रस्ता तो आनंदानं दाखवतो, आणि पुढं रेल्वेखालचा बोगदा आणि त्याच्या अलीकडं उंची अडवणारा लोखंडी गर्डर. ओपन बॉडीत कांद्याच्या गोण्या वरपर्यंत रचल्या असतील तर तिथून मागं येणं म्हणजे अर्धा तास गेला. माझा नियम साधा आहे: हायवे सोडायला सांगितलं की आधी ढाब्यावर किंवा पंपावर विचारायचं. दिवसाच्या ठरावीक वेळांत ठाण्या-मुंबईकडं अवजड गाड्यांना बंदी असते, तीही मी नकाशाच्या भरवशावर सोडत नाही.

वेळेचा अंदाजही कारचाच. गोंदे इंटरचेंजवरून समृद्धीवर चढलो की नागपूर सहा तासांच्या आसपास दाखवतो. समृद्धीवर कारला 120 ची मुभा, आपल्याला 80 ची, आणि भरलेली गाडी तेवढ्यावरही सतत धावत नाही. मी दाखवलेल्या वेळेची दीडपट धरतो आणि पार्टीला तीच सांगतो. कसारा घाट भरल्या गाडीनं चढायचा असेल तर दीडपटही कमी पडते.

मॅपल्स हे नकाशाचं दुसरं ॲपही फोनमध्ये ठेवलंय. 2022 पासून त्यात अपघाती जागा, स्पीडब्रेकर आणि तीव्र वळणं यांची सूचना येते. अनोळखी राज्यमार्गावर, रात्री, मागं माल असताना पुढं स्पीडब्रेकर आहे हे आधी कळणं किती मोलाचं आहे ते ज्याच्या गोण्या सरकल्यात त्यालाच विचारा. रोजच्या ट्रॅफिकसाठी मात्र गूगल. गूगलचे नकाशे घरच्या वायफायवर उतरवून ठेवावेत. रेंज गेली तरी रस्ता दिसतो, ट्रॅफिक दिसत नाही.

जीपीएसचा अँटेना पत्र्याखाली लपवू देऊ नका. ट्रकची केबिन लोखंडी, तो काचेखाली डॅशवर आकाश दिसेल असा चिकटवायचा. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाल्यावर आमच्या वाटेत आला. त्यात बाण भरकटतो, पण आत वळायला जागाच नाही, त्यामुळं बिघडत काहीच नाही.

सगळ्यात जास्त पैसे वसूल कशात झाले म्हणाल तर कॅमेऱ्यात. भिवंडीकडं काल्हेर-माणकोलीच्या गोदामांच्या गल्ल्यांत मागं घेताना पूर्वी क्लीनर मागं उभा राहून पत्रा बडवायचा. आता तो अजूनही उभा राहतो, कारण कॅमेरा बाजूचं सांगत नाही, पण धक्क्याला किती अंतर उरलं ते मला स्वतः दिसतं. कॅमेऱ्याची केबल कारची चालत नाही, सहा मीटरची असते. 15 मीटरची घ्या, चार पिनांचा स्क्रूनं आवळणारा कपलर असलेली, आणि चॅसिसच्या आतून सायलेन्सरपासून लांब न्या. पावसाळ्यात काचेवर चिखल बसतो, त्याला उपाय फडकं.

मनोरंजनाचं थोडक्यात. समृद्धीवर मधल्या पट्ट्यात एफएम लागत नाही, म्हणून पेन ड्राइव्ह. त्या रस्त्यावर वळणं कमी, डोळ्यांवर झापड येते, तेव्हा गाण्यांपेक्षा कुणीतरी बोलत असलेलं ऐकणं मला बरं पडतं. कीर्तन, मुलाखती, काहीही. कॉलसाठी वेगळा माइक येतो, तो काचेच्या बाजूच्या खांबावर लावा. सेटच्या तोंडावरच्या माइकमध्ये समोरच्याला फक्त इंजिन ऐकू येतं.

व्हिडिओ. हँडब्रेकची वायर बॉडीला टेकवून, म्हणजे गाडी उभी आहे असं सेटला भासवून, चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देतो, असं दुकानात बोलून बघितलं गेलं. नको म्हणालो. 1 ऑक्टोबर 2020 पासून नियमात हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही असं वापरायला मुभा आहे. सिनेमाला नाही. गाडी उभी करून, ब्रेक लावून बघा ना, बंदरावर नंबर लागेपर्यंत वेळच वेळ असतो.

न सुटलेली एकच तक्रार. कन्व्हर्टरमुळं एफएमवर खरखर येते, लांबच्या स्टेशनवर जास्त. वायरीतली खरखर अडवणारे फेराइटचे मणी लावले, कन्व्हर्टर सेटपासून लांब सरकवला, कमी झाली, गेली नाही. पुढच्या सर्व्हिसला अँटेनाची वायर दुसऱ्या बाजूनं नेऊन बघणार आहे.

छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर ती गाडी मुळात 12 व्होल्टची. तिथं कन्व्हर्टर आणि रिले यांची भानगड नाही. पण मागची पट्टी, गोल बटण आणि यूएसबीचं एक्स्टेंशन तिथंही घ्याच.